पाणी मागून आलेली माणसं

मैनाआत्या आणि माणिकमामा एकाच रिक्षातून उतरले, आणि दोघंही हसत होते.

अलका मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या सरकारी क्वार्टरच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिनं सूप होतं तसं खाली ठेवलं आणि आत हाक दिली, "आई, लौकर बाहेर ये! दोघं हसून राह्यले!"

प्रेमलता हातातला झारा घेऊनच धावली. मागून तिचा नवरा मुकुंद आला. त्याच्यामागून, कालच्या गाडीनं नागपूरहून आलेले मोठेबाबा, म्हणजे मुकुंदचे थोरले भाऊ मधुकरराव, सावकाश चष्मा पुसत आले. चौघंही दारात उभे राहून पाहत राहिले. आत्यानं मामाच्या खांद्यावर हात ठेवून पाय खाली टाकला होता, आणि मामानं तिची पिशवी धरली होती. असं दृश्य लांजेवारांच्या घरानं अजून पाहिलं नव्हतं.

मैनाआत्या मुकुंदची मोठी बहीण. कटंगीला राहायची, नवऱ्यामागं धानाची शेती एकटीनं ओढत आलेली. माणिकमामा प्रेमलताचा भाऊ, परसवाड्याच्या शाळेत मास्तर. या दोघांचं पटत नव्हतं, म्हणूनच त्यांना पाठवायचं, असा घराचा रिवाज होता. कुठं सोयरीक पाहायची असली की माणसं दोन जायची, एक बापाकडचं, एक आईकडचं, आणि तीही एकमेकांचं तोंड न पाहणारी. न कळवता जायचं. नाव सांगायचं नाही, विचारायचं नाही. दारात उभं राहून फक्त पाणी मागायचं. पाणी द्यायला कोण उठतं, कशात देतं, आणखी हवं का म्हणून विचारतं का, एवढं पाहून माघारी यायचं. दोघांनी येऊन "हौ" म्हटलं की सोयरीक पक्की. मग त्यावर कुणी बोलायचं नाही, अगदी मोठेबाबांनीसुद्धा नाही.

अडचण एवढीच की आजवर दोघांनी मिळून "हौ" क्वचितच म्हटलं होतं. अलकाच्या मोठ्या बहिणीच्या वेळी ती दोघं घरामागून घरं पाहत गेली आणि भांडत परत आली. शेवटचं घर पक्कं झालं ते दोघंही थकले म्हणून.

आणि या वेळी घर नव्हतंच, कॉलेज होतं. अलका बी.कॉम.ला फर्स्ट क्लासमध्ये आली होती आणि मार्केटिंगच्या पुढच्या डिग्रीसाठी तिला नागपूर आणि जबलपूर, दोन्हीकडून बोलावणं आलं होतं. कोणतं घ्यावं हे मुकुंदला सुचेना. जंगल खात्याच्या ऑफिसात उभी हयात गेलेल्या माणसाला झाडं मोजता येत होती, कॉलेज कसं मोजतात ते ठाऊक नव्हतं. म्हणून त्यानं घरात होती ती रीत लावली.

"बाबा, कॉलेज म्हणजे काही सासर नाही," अलका म्हणाली होती.

"दोन वर्षं राहाचं हाय ना तिथं?" आत्यानं परस्पर निकाल दिला होता. "मंग सासरच."

मागच्या आठवड्यात दोघं नागपूरला जाऊन आले. पाणी मिळालं होतं, गार होतं. पण देणाऱ्यानं कुठून आले हे विचारलं नाही म्हणून आत्या फुरंगटली, आणि शहरात असं विचारत नसतात म्हणून मामा. नागपूरपासून गोंदियापर्यंत भांडले, आणि गोंदियाला बालाघाटच्या छोट्या रेल्वेत दोन टोकांना बसून घरी आले.

तेव्हा आता हसत उतरले म्हटल्यावर अलकाचं काळीज उड्या मारायला लागलं. तिला जबलपूर हवं होतं. पण हे तिनं आजवर आईशिवाय कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

"काय झालं आत्या? सांग ना!"

"थांब गं पोरी. अंगावर धूळ हाय. आधी पाय धुतो, मंग खातो, मंग सांगतो. रीत हाय थे."

रीत होती खरी. पाहून आलेल्यांनी जेवल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. प्रेमलतानं त्या दिवशी जे वाढलं ते पाहण्यासारखं होतं. आलूबोंडे, वरणभात, भातावर तुपाची धार, आणि ताटाशेजारी उगाचच दोन-दोनदा येऊन विचारणं. मामा खाता खाता मान डोलवत होता. आत्या भात कालवताना मध्येच हसायची आणि म्हणायची, "काय बाप्पा, काय जागा!"

मोठेबाबा खुर्चीत बसून हे सारं पाहत होते. ते अलकाला न्यायलाच आले होते. धंतोलीतल्या त्यांच्या घरी खिडकीजवळ तिचा पलंगही लावून झाला होता. "कॉलेज पायी चालत जाईन पोट्टी," असं ते कालपासून सांगत होते, आणि मुकुंद "हौ दादा, हौ दादा" करत होता. दादांपुढं त्याच्या तोंडून दुसरं काही निघतच नसे.

हात धुऊन आत्या चटईवर टेकली. मामा तिच्याच चटईवर बसला.

"सांगा आता," मोठेबाबा म्हणाले.

"मी सांगू का तुम्ही सांगता, मैनाताई?" मामानं विचारलं. ताई! प्रेमलतानं अलकाकडं पाहिलं.

"तुम्ही सुरू करा. राह्यलं तं मी भरतो."

"तं स्टेशनवर उतरलो," मामानं मांडी घातली. "रिक्षावाल्याले म्हटलं, भैया, बड़े कॉलेज ले चलो. नाव नाही सांगतलं. रीत म्हणजे रीत. त्यानं नेलं बराबर. फाटक पाह्यलं तं आपलं कलेक्टर ऑफिस लाजल! आत झाडंच झाडं."

"अन् सावली," आत्या म्हणाली. "मोठ्या मोठ्या झाडाची. दारात एक जण भेटला, पांढरा कोट घातलेला. म्या म्हटलं, बाबू, थोडं पाणी भेटन का? तं थो म्हणते, अम्माजी, बैठिए. अन् सोता गेला! शिपायाले नाही धाडलं. सोता लोटा घासून पाणी आणलं."

"प्रोफेसर होता थो," मामा म्हणाला. "मंग म्या इचारलं."

"पाणी पेलो, तं म्हणते, अम्माजी, इतनी दूर से आई हैं, दूध पीजिए. दूध! म्या म्हटलं, दूध कुठलं? तं म्हणते, अपने कॉलेज का."

अलकाच्या मनात कुठंतरी बारीक काटा टोचला. पांढरा कोट? कॉलेजचं दूध?

"कॉलेजचं दूध?" मोठेबाबांनीही तेच विचारलं.

"मंग काय!" मामा उजळला. "मागं गोठे हाये ना. असे गोठे तुम्ही जिंदगीत नाही पाह्यले, मधुकरराव. खाली फरशी, वर पंखे. एक एक गाय अशी," त्यानं दोन्ही हात पसरले ते चटईबाहेर गेले. "पोरं सोता धुतेत त्याइले. पोरीसुद्धा!"

"मार्केटिंगच्या कॉलेजात गाई कायले, माणिकराव?"

"काहून नाही? माल नसल तं इकाचं काय?" मामा म्हणाला. "नुसतं पुस्तकात इकाले शिकवाचं का? दूध काढा, इका, हिशेब लावा. येलेच तं प्रॅक्टिकल म्हणतेत."

मुकुंदनं मान हलवली. "सरकारी जागा मोठीच असते दादा. अन् प्रॅक्टिकल पाह्यजेच."

"माह्याकडून हौ," आत्यानं मांडीवर थाप मारली.

"माह्याकडूनबी हौ," मामा म्हणाला.

झालं. प्रेमलतानं टाळी वाजवली. मोठेबाबा खुर्चीत मागं टेकले आणि छताकडं पाहत राहिले. रीत त्यांनाही मोडता येत नव्हती. आणि अलका, जिला आनंदानं नाचायला हवं होतं, ती उठून आत गेली. तिला कळून चुकलं होतं.

तिच्या मैत्रिणीची बहीण, सीतादीदी, जबलपूरच्या त्याच मार्केटिंग विभागात शिकून निघाली होती. तिनं सगळं सांगितलं होतं. वरच्या मजल्यावरच्या खोल्या, एक लांबट व्हरांडा, एवढंच. गाय सोडा, तिथं गायीचा फोटोही नसेल. आत्या आणि मामा जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात जाऊन आले होते. बड़े कॉलेज म्हटल्यावर रिक्षावाल्यानं त्याच्या मते जे मोठं होतं तिथं नेलं, आणि नाव विचारायचं नाही म्हणून यांनी ना त्याला विचारलं, ना दूध पाजणाऱ्याला.

चुलीपाशी प्रेमलता चहाला आधण ठेवत होती. तिनं मागं न वळता म्हटलं, "मले समजलं."

"काय?"

"तुले समजलं थेच. पांढरा कोट म्हटला तवाच समजलं. आपल्या ढोराच्या दवाखान्यातला डॉक्टर थोच तं घालते." तिनं साखरेचा डबा उघडला. "तू गप राह्यजो. दोघाइनं हौ म्हटलं. तुले जबलपूर पाह्यजे होतं, भेटलं."

"पर आई, ये तो झूठ हुआ ना."

"तू कुठं बोलली? थे बोलले. अन् खोटं नाही बोलले, जे पाह्यलं थे सांगतलं." प्रेमलता वळली. तिचे डोळे चमकत होते, मुलीच्या वयाची झाल्यासारखी दिसत होती. "माह्या जावेच्या घरी दोन वर्षं तू भांडी उचलशीन, अन् वरून तिचं ऐकशीन, हे मले नाही पाह्यजे. गप राह्य. मी चहा नेतो."

आई चहा घेऊन गेली. बाहेरून आत्याचा आवाज येत होता. ती दिवाळीला जबलपूरला जाणार होती, अलकाला भेटायला आणि त्या बाबूसाठी चिन्नोर तांदूळ घेऊन. कटंगीच्या बाजारात सगळ्यांना सांगणार होती. अलका ऐकत उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोर दिवाळी आली. तांदळाची थैली घेऊन आत्या विभागाचा जिना चढतेय, आणि वर गेल्यावर गोठे कुठं आहेत म्हणून विचारतेय. आणि मग मोठेबाबांचं हसू, ते तर जन्मभर पुरलं असतं.

आत्या हात खळबळायला मागच्या नळाशी आली तेव्हा अलका तिच्या मागोमाग गेली.

"आत्या, एक सांगू? रागावशीन नाही ना?"

"तुह्यावर मी कधी रागावलो?"

अलकानं सांगितलं. हळू आवाजात, एका दमात, आत्याच्या तोंडाकडं न पाहता. सांगून झालं तरी नळ वाहतच होता. आत्यानं तो बंद केला. पदरानं एक एक बोट पुसलं.

"म्हणजे थे ढोराचं कॉलेज."

"हौ."

"अन् थो बाबू ढोराचा डाक्टर."

"हौ आत्या."

आत्या नळाच्या कट्ट्यावर बसली. आता ती रडेल की काय असं अलकाला वाटलं. पण तिचे खांदे हलायला लागले, आणि मग तिला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून ती हसत राहिली. "म्हणूनच म्हटलं, मले पाहून थो पहिले इचारते, अम्माजी, गाभण है क्या! मले वाटलं शहरात असंच बोलत असन!"

अलकाही हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. "मले जबलपूरच पाह्यजे आत्या. पण असं नाही."

आत्याचं हसू हळूहळू ओसरलं. ती नळाखालच्या ओल्या दगडाकडं पाहत म्हणाली, "माह्यासाठीबी दोघं गेलते. पाणी गोड हाय म्हणत आले. गोडच होतं पाणी." तिनं पदर पिळला. "बाकी घर म्या जाऊनच पाह्यलं. तवा पाहून काय उपयोग?"

मग ती उठली, अलकाचं मनगट धरलं आणि तिला घेऊन ओसरीवर आली.

"माणिकराव, उठा. आपलं चुकलं. आपण ढोराच्या कॉलेजात जाऊन आलो."

मामाच्या हातातली बशी तिरपी झाली. प्रेमलतानं कपाळाला हात लावला. मोठेबाबांनी आधी ऐकलं, मग समजून घेतलं, आणि मग ते असे हसले की शेजारच्या क्वार्टरमधल्या गोदाबाई खिडकीत आल्या.

"गाई धुणारी मार्केटिंगवाली!" ते डोळे पुसत म्हणाले. "मैने, तुह्या पाण्यानं आज कमाल केली!"

"हस. पोटभर हस," आत्या म्हणाली. "माही चूक हाय, मी घेतो अंगावर."

"आपली," मामा पुटपुटला. "म्या रिक्षावाल्याले सांगतलं होतं." चेहरा पडला होता, पण चटईवरून तो हलला नाही.

"म्हणजे जबलपूरचा हौ गेला," मोठेबाबा म्हणाले. "मंग पोरगी माह्यासंग. उद्याच्या गाडीनं. काय मुकुंदा?"

मुकुंदनं तोंड उघडलं. 'हौ दादा' बाहेर येणारच होतं, तेवढ्यात आत्यानं हात वर केला.

"थांब. एक राह्यलं. आजवर आपण किती घरं पाह्यली. जिले जाचं हाय तिले कोणी इचारलं का? मले नाही इचारलं. प्रेमलते, तुले इचारलं होतं?"

प्रेमलतानं मान हलवली.

"अलके, तू सांग. कुठं जाचं?"

सगळे तिच्याकडं पाहायला लागले. रात्रंदिवस मनात घोळवलेलं, पण कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. सुरुवात हिंदीत झाली, मध्येच मराठी आली, मग दोन्ही एकमेकांच्या अंगावर धावून आल्या.

"मुझे जबलपूर जाना है. मोठेबाबा, राग नका मानू. नागपूरले मी आली की तुमच्या गल्लीतल्या पोरी म्हणतेत, ही हिंदीवाली. अन् इथं शाळेत सारे म्हणत होते, ये मराठीवाली. जबलपूरले मी फक्त बालाघाटवाली राहीन. अन् तिथं दुसऱ्या वर्षी बाजारात पाठवतेत. खऱ्याखुऱ्या बाजारात, गावोगावच्या. सीतादीदी उकव्याच्या बाजारात बसली होती, कोण कोणतं साबण घेते, काहून घेते, कोणाले इचारून घेते, हे लिहून घेत. आज ती साबणाच्या कंपनीत हाय, पूरा मंडला जिला अकेली घूमती है! आत्या, तुह्या शेतातला चिन्नोर तुमसरचा व्यापारी नेते. पुढं थो कोण खाते, काय नावानं खाते, तुले माहीत हाय का? मले थे माहीत करून घ्याचं हाय. मले इकाले शिकाचं हाय. थे चांगलं असते, बाबा. ज्याले पाह्यजे त्याले, जे पाह्यजे थे, नेऊन देणं. मले येते थे. मले माहीत हाय, मले येते!"

ती थांबली तेव्हा तिला धाप लागली होती. गाल लाल झाले होते. माणिकमामा तोंड उघडं ठेवून पाहत होता, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरानं अचानक सगळी कविता म्हणून दाखवावी तसा.

"बोलते बरी," मोठेबाबा शेवटी म्हणाले. आता ते हसत नव्हते. "पण होस्टेलात राहाचं, परक्या गावी. अन् सख्ख्या मोठेबाबाचं घर असून. लोक काय म्हणतीन? मुकुंदा, तू सांग तिले."

मुकुंद खांबाला टेकून उभा होता. त्यानं एकदा मुलीकडं पाहिलं, एकदा बायकोकडं. मग भावाकडं पाहिलं, आणि खांबाचा आधार सोडून नीट उभा राहिला.

"दादा, मीबी राह्यलो ना तुमच्या घरी. मॅट्रिकनंतर, दोन वर्षं. तुम्ही काही कमी नाही केलं. वहिनीनंबी नाही. पोटच्या पोरासारखं ठेवलं." त्याचा आवाज कापरा होता, पण थांबला नाही. "पण दादा, दोन वर्षं मी रोज दार वाजवूनच आत आलो. उघडं असलं तरी. कोणी सांगतलं नव्हतं मले तसं. माह्यानं तसंच होत होतं."

प्रेमलतानं नवऱ्याकडं असं पाहिलं, जणू इतक्या वर्षांत हा माणूस तिला आज दिसला.

"पोरगी जबलपूरले जाईन," मुकुंद म्हणाला. "उद्या मी सोता जातो तिले घेऊन. बराबर कॉलेजात."

मोठेबाबा उठले. आतल्या खोलीत गेले. त्यांची बॅग उघडल्याचा आवाज आला, मग कागदांची सळसळ. ते सामान भरून आत्ताच निघतात की काय म्हणून मुकुंदचा चेहरा उतरला. आत्यानं डोळ्यांनीच त्याला थांबवलं.

मोठेबाबा परत आले तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी अलकाच्या हातात दिलं. तिनं कागद सोडवला. आत टेबलावर ठेवायचा दिवा होता, हिरव्या टोपीचा, मान वाकवता येणारा.

"तुह्यासाठी आणला होता. दुकानदार म्हणे, आधी पोरीले दाखवा, आवडला तं ठेवा. म्हणून इथंच घेऊन आलो." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "खिडकीजवळच्या टेबलावर ठेवाचा होता. जबलपूरले लाईट असते ना बराबर?"

"असते, मोठेबाबा."

"मंग ने तिकडं. अन् तुह्या मोठीआईले चिठ्ठी लिहत जाय. तिनं पलंगावर नवी चादर टाकली हाय."

अलका वाकली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ तसाच ठेवला. मग सगळे एकदम बोलायला लागले. मामा म्हणाला, मीबी येतो. आत्या म्हणाली, तुमची गरज नाही. प्रेमलता पेटी काढायला आत धावली आणि कुठली पेटी ते विचारायला परत आली. मुकुंद गाडीची वेळ विचारायला चप्पल घालून रस्त्यावर गेला, आणि मग आठवलं की वेळ त्यालाच पाठ आहे.

अलका दिवा मांडीवर घेऊन ओसरीच्या पायरीवर बसली. दुपारपासून अख्ख्या बालाघाटची लाईट गेलेली होती, त्यामुळं लावून पाहता येत नव्हता. तिनं त्याची मान खाली वाकवली, वर केली. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. समोरच्या रस्त्यावरून बैहरची बस धुरळा उडवत गेली आणि तिला पत्ताही लागला नाही. ती आपली बटण दाबत राहिली, टक, टक, टक.